दुकानातला डिंक आणि औषधातला डिंक

औषध हळूहळू सोडणारे सूक्ष्मकण, आणि त्यातून व्यापाऱ्याने घ्यायचा धडा

असोदा, भादली, नशिराबाद आणि जळगाव शहर या भागातील आमच्या वाचकांमध्ये किराणा, डिंक, चिंच, भुसार आणि हाडा-चामड्याचा व्यवहार करणारे बांधव आहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. झाड तेच, डिंक तोच, मग एका गोणीला किराण्याचा भाव आणि दुसऱ्या गोणीला औषध कारखान्याचा चढा भाव, असे का? कोणी म्हणतो ही दलालांची करामत आहे. कोणी म्हणतो मोठ्या पेढ्यांच्या ओळखी असतात. त्यात थोडेफार तथ्य असेलही. पण मुख्य कारण मालातच आहे, आणि ते कळण्यासाठी औषधनिर्माणशास्त्रातला एक विषय समजून घेतला पाहिजे. तो विषय म्हणजे नैसर्गिक पॉलिमरच्या सूक्ष्मकणांतून शरीराला बेताबेताने औषध देण्याची पद्धत. नाव जड आहे, पण त्यातला कच्चा माल आपल्याच बाजारातला आहे.

पाटाचे पाणी आणि ठिबक

खानदेशातल्या माणसाला ही पद्धत समजावणे सोपे आहे, कारण केळीच्या बागेत तीच पद्धत रोज दिसते. पूर्वी बागेला पाटाने पाणी देत. पाणी सोडले की जमीन तुडुंब, आणि चार दिवसांनी पुन्हा कोरडी. निम्मे पाणी मुळांना लागण्याआधीच वाया जाई. ठिबक आल्यावर तेच पाणी थेंबाथेंबाने मुळाशी पडू लागले.

साध्या गोळीचे काम पाटाच्या पाण्यासारखे असते. गोळी पोटात गेली की लवकर विरघळते. रक्तातले औषधाचे प्रमाण एकदम चढते आणि काही तासांत उतरते. चढलेले असताना मळमळ, चक्कर असा त्रास होऊ शकतो. उतरले की औषधाचा गुण थांबतो, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा गोळी घ्यावी लागते. रोग्याने मधली एक गोळी चुकवली की सगळा हिशेब बिघडतो. हेच औषध जर अशा कणांत बसवले की जे ते थोडे थोडे सोडतील, तर प्रमाण बराच वेळ सारखे राहते आणि गोळ्यांची संख्याही कमी होते. यालाच नियंत्रित औषधवहन म्हणतात. औषध वाहून नेणारा कण म्हणजे वाहक.

सूक्ष्मकण म्हणजे केवढा कण

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. एक ते हजार मायक्रॉन या मापातल्या कणांना सूक्ष्मकण म्हणतात. त्यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात मधे औषध आणि बाहेर पॉलिमरचे टरफल असते, जशी भुईमुगाची शेंग. दुसऱ्यात औषध सगळ्या कणात मिसळलेले असते, जसा गूळ आणि तीळ एकजीव झालेला लाडू.

औषध बाहेर येण्याच्या मुख्य वाटा तीन. कण पाणी पिऊन फुगतो आणि औषध झिरपत बाहेर येते. किंवा कण वरून झिजत जातो आणि तेवढे औषध सुटते. किंवा शरीरातला एखादा पाचकरस अथवा आतड्यातले जंतू तो कण फोडतात. कोणती वाट चालेल, हे पॉलिमरच्या जातीवर ठरते.

कणाचे मापही महत्त्वाचे. एक मिलिमीटर व्यासाचा एक गोळा घ्या. तेवढ्याच मालातून दहावा भाग व्यासाचे गोळे केले तर ते एक हजार होतात, आणि त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग आधीच्या दहापट होतो. पृष्ठभाग वाढला की औषध लवकर सुटते. म्हणून एका बाटलीत लहानमोठे कण मिसळलेले चालत नाहीत. चाळणीचे महत्त्व भुसारवाल्याला सांगायला नको.

बिलबुकातला जुना पुरावा

ही विद्या आपल्यापासून फार लांब आहे असे समजू नये. आपल्यापैकी अनेकांनी दुकानात कार्बन न घालता खाली नक्कल उमटणारे बिलबुक वापरले आहे. हा कागद १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने बाजारात आणला. वरच्या कागदाच्या मागच्या बाजूला शाईच्या द्रव्याने भरलेल्या अतिसूक्ष्म कुप्यांचा थर असतो. पेनचा दाब पडला की कुप्या फुटतात आणि खालच्या कागदावर अक्षर उमटते. त्या पहिल्या कुप्यांची टरफले जिलेटिन आणि अरबी डिंक यांची होती. जिलेटिनच्या द्रावणाला थोडे आम्ल केले की त्याच्यावर धन विद्युतभार येतो, डिंकावर ऋण असतो. दोन्ही एकमेकांना ओढतात आणि तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती त्यांचे पापुद्रे बसतात. सूक्ष्मकुप्यांचा हा पहिला मोठा व्यापारी उपयोग. पुढे औषधवाल्यांनीही तीच युक्ती उचलली.

आपल्या बाजारातले पॉलिमर

पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची माळ. प्लास्टिक हा माणसाने बनवलेला पॉलिमर. डिंक, खळ, कापूस, सरस हे निसर्गाने बनवलेले. औषधाच्या कामी येणारे काही प्रकार असे आहेत.

डिंक. जळगाव जिल्ह्यातले चोपडा, यावल, रावेर आणि धुळे जिल्ह्यातले शिरपूर हे तालुके सातपुड्याला लागून आहेत. धावड्याचा, बाभळीचा, कांडोळाचा डिंक आपल्या ओळखीचा. हे तिन्ही वेगळे पदार्थ आहेत, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. बाभळीच्या जातीचा चांगला डिंक पाण्यात पूर्ण विरघळतो. धावड्याचा काही भाग विरघळतो, काही नुसता फुगतो, पण तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवण्यात तो पटाईत आहे. कांडोळाचा डिंक, ज्याला बाजारात कडाया किंवा कराया म्हणतात, विरघळत नाही. तो अनेकपट फुगतो आणि जुना झाला की त्याला सिरक्यासारखा वास येतो. फुगण्याच्या याच गुणामुळे तो औषधाला धरून ठेवू शकतो.

आणखी एक बारकावा आहे. औषधसंहितेतला अरबी डिंक हा मुख्यतः सुदानकडे होणाऱ्या अकेशिया सेनेगल या झाडाचा असतो. आपली गावठी बाभूळ त्याची भाऊबंद आहे, पण ती झाडाची वेगळी जात आहे. बाभळीचा डिंक अरबी म्हणून विकणे हा शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आणि धंद्याच्या दृष्टीने धोक्याचा व्यवहार आहे.

खळ म्हणजे स्टार्च. धुळे, मालेगावचे यंत्रमागवाले ताण्याच्या सुताला खळ देतात. मक्यापासून खळ काढणारी युनिव्हर्सल स्टार्च-केम अलाइड ही कंपनी १९७३ साली आपल्याच धुळे जिल्ह्यात दोंडाईचा येथे स्थापन झाली. गोळी बांधण्यासाठी आणि पोटात ती फुटावी म्हणून स्टार्च फार वर्षांपासून वापरतात. स्टार्चचे सूक्ष्मगोळेही करता येतात. लाळेत आणि रक्तात असलेले अमायलेज हे द्रव्य ते फोडते, म्हणून शरीरात कचरा उरत नाही.

चिंचोका. चिंचोक्याची पावडर साइझिंगसाठी जाते, हे आपण जाणतो. तीच शुद्ध केली की तिच्यातले साखरवर्गी पॉलिमर हाती येते. ते ओल्या त्वचेला चिकटून राहते, म्हणून डोळ्याच्या थेंबांत त्याचा उपयोग झाला आहे. औषध बराच वेळ जागेवर टिकवणाऱ्या कणांसाठीही त्यावर काम होते.

गवारगोंद आणि पेक्टिन. गवारीच्या बियांचा गोंद आणि फळांच्या सालींतले पेक्टिन माणसाच्या जठरात व लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जंतू मात्र ते खातात. म्हणून मोठ्या आतड्याच्या आजारावरचे औषध या द्रव्यात गुंडाळले तर ते वाटेत फारसे न सांडता नेमक्या मुक्कामी पोचते. पत्त्यावर पोचणाऱ्या पार्सलासारखा हा प्रकार आहे.

समुद्राचा माल. तपकिरी शेवाळापासून अल्जिनेट निघते आणि कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून कायटोसान. सोडियम अल्जिनेटचे पातळ द्रावण सुईने थेंबथेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडले की प्रत्येक थेंब तिथल्या तिथे गोठून गोल मणी होतो. उष्णता नको, तिखट रसायन नको. १९८० साली फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन या शास्त्रज्ञांनी इन्शुलिन तयार करणाऱ्या जिवंत पेशी अशा अल्जिनेटच्या कुप्यांत बंद करून मधुमेही उंदरांत बसवल्या आणि दोन-तीन आठवडे त्यांची साखर ताब्यात ठेवून दाखवली. जिवंत पेशीलाही अपाय न करणारा हा डबा, यावरून त्याचा सौम्यपणा कळतो.

महाराष्ट्रातही या दिशेने काम झाले आहे. डागकाम करणारे कारागीर वापरतात ती रोझिन, म्हणजे चीड झाडाच्या चिकातून टर्पेंटाइन काढल्यावर उरणारी राळ. तिचा लेप आणि तिच्या सूक्ष्मकुप्या औषधासाठी कशा उपयोगी पडतील, यावर नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात १९८० आणि १९९० च्या दशकांत संशोधन झाले. आपल्या भागात शिरपूरची आर. सी. पटेल औषधनिर्माण संस्था १९९२ पासून आहे.

मग अडचण कुठे आहे

इथे वाचकांना आम्ही अंधारात ठेवू इच्छित नाही. नैसर्गिक पॉलिमरच्या सूक्ष्मकणांवर प्रयोगशाळांत पुष्कळ काम झाले, पण त्यामानाने बाजारात आलेली औषधे थोडी आहेत. महिनाभर पुरणाऱ्या सूक्ष्मकणांच्या इंजेक्शनांत बहुधा कारखान्यात बनवलेले पॉलिमर असते. निसर्गातल्या द्रव्यालाही यश मिळाले आहे. माणसाच्या रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनावर बसवलेले पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे औषध २००५ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याचे कण मात्र मायक्रॉनहूनही लहान आहेत. डिंक, स्टार्च, जिलेटिन यांचा मोठा खप आजही गोळी बांधणे, लेप देणे, कॅप्सूल बनवणे आणि पातळ औषध दाट करणे यांत आहे.

नैसर्गिक माल मागे का पडतो? कारण तो दर वेळी सारखा येत नाही. उन्हाळ्यातला डिंक वेगळा, पावसाचे पाणी लागलेला वेगळा. एका डोंगराचा वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. ओल राहिली तर बुरशी आणि जंतू वाढतात. ठेवून ठेवून चिकटपणा उतरतो. औषध बनवणाऱ्याने एकदा प्रमाण ठरवले की आठ तासांत सुटणारे औषध पुढच्या खेपेला चार तासांत सुटून चालत नाही. तिथे रोग्याच्या जिवाचा प्रश्न असतो. म्हणून कारखानदार नुसत्या डिंकाचे पैसे देत नाही, तर दर खेपेला सारखाच डिंक मिळण्याचे पैसे देतो. आमच्या वाचकांच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

अरबी डिंकासाठी औषधसंहितांनी घातलेल्या अटी पाहिल्या तर हे स्पष्ट होते. वाळवल्यावर होणारी घट १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. जाळल्यावर उरणारी राख ४ टक्क्यांपेक्षा जास्त नको. स्टार्चची किंवा टॅनिनयुक्त दुसऱ्या डिंकाची भेसळ नको. रोगजंतू नकोत.

ओलीचा हिशेब करून पाहू. समजा १०० किलो डिंकात २० टक्के ओल आहे. म्हणजे कोरडा माल ८० किलो. तो १५ टक्क्यांवर आणला तर वजन सुमारे ९४ किलो भरते. सहा किलोची घट पाहून व्यापारी कचरतो आणि ओला मालच विकतो. पण ओल्या मालाला किलोला १०० रुपये मिळत असतील, तर वाळलेल्याला १०६ रुपये २५ पैसे मिळाले तरी बरोबरी होते. वाळवण्याची मजुरी वेगळी धरावी. त्यापुढचा प्रत्येक रुपया नफ्याचा. शिवाय ओला माल परत येण्याची भीती संपते, ती वेगळीच.

जिलेटिनचा प्रश्न

जिलेटिन हे जनावरांच्या चामड्यातील व हाडांतील कोलाजेन शिजवून काढतात. ते कोमट पाण्यातच विरघळते, म्हणून त्याचे सूक्ष्मगोळे टिकावेत यासाठी रेणूंना आडवे टाके घालावे लागतात. त्यासाठी वापरले जाणारे ग्लुटाराल्डिहाइड विषारी आहे. त्याचा अंश मागे राहू नये, ही त्यातली मोठी डोकेदुखी.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने दुसरा प्रश्न उगमाचा. जगात जिलेटिन गाई-म्हशींच्या हाडा-चामड्यापासून, डुकराच्या कातडीपासून आणि माशांपासूनही बनते. तयार भुकटी पाहून यातले काहीही ओळखता येत नाही. औषधातल्या जिलेटिनच्या हुकुमाबद्दल उलेमांमध्ये वेगवेगळी मते आहेत. हे पान धंद्याचे आहे, इथे आम्ही मसला सांगणार नाही. तो जाणकारांना विचारावा. पण विकणाऱ्याची एक जबाबदारी स्पष्ट आहे. गिऱ्हाइकाने विचारले तर माल कशाचा आहे ते कागदाच्या आधारे सांगता आले पाहिजे. हे फक्त मुस्लिम गिऱ्हाइकासाठी नाही. शाकाहारी गिऱ्हाईकही तेच विचारतो, आणि म्हणूनच कापूस व लाकडातल्या सेल्युलोजपासून बनलेल्या कॅप्सूलला मागणी आहे. डिंक, स्टार्च, चिंचोका, गवार यांच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे. झाडाच्या मालाला हा प्रश्न पडत नाही.

हाडा-चामड्याचे काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीवर्गीय जनावरांचा माल कायदेशीर मार्गाने आला आहे, याचे कागद जवळ असणे आता संरक्षणासाठीही गरजेचे आहे.

दुकानात उद्यापासून काय करता येईल

पहिली गोष्ट, झाडानुसार माल वेगळा ठेवावा. धावडा, बाभूळ, कांडोळ एका ढिगात टाकू नये. तोडलेल्या गोणीवर झाडाचे नाव, गाव आणि महिना लिहिलेली चिठ्ठी लावावी. खर्च शून्य.

दुसरी गोष्ट, साधी तपासणी शिकावी. थोडा डिंक पाण्यात उकळून थंड करावा आणि त्यात औषध दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाकावा. निळा रंग आला तर स्टार्चची भेसळ आहे. दहा ग्रॅम बाभळीचा डिंक वीस ग्रॅम पाण्यात विरघळवून मलमलीतून गाळावा. साल, माती, वाळू किती ते कपड्यावर दिसेल. फुगीर लगदा उरला तर त्यात दुसऱ्या झाडाचा डिंक मिसळला आहे. ओल, राख आणि जंतू यांची तपासणी घरी होत नाही. मोठ्या सौद्याआधी नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा.

तिसरी गोष्ट, वाळवण जमिनीवर करू नये. स्वच्छ ताडपत्री किंवा जाळीच्या मांडणीवर, सावलीत, जनावरांपासून दूर करावी.

चौथी गोष्ट, डिंक गोळा करणाऱ्याला वाऱ्यावर सोडू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासी व परंपरेने जंगलात राहणाऱ्यांचा मालकी हक्क मान्य केला आहे. त्यांच्याकडून घेतलेल्या मालाची रीतसर पावती व वाहतुकीचा परवाना ठेवावा. स्वच्छ मालाला चार पैसे जास्त दिले तर तो झाडाला वेडीवाकडी कुऱ्हाड घालत नाही. खोल घाव घालून जास्त डिंक ओढला की कांडोळ मरतो, आणि मेलेले झाड पुढच्या वर्षी काही देत नाही.

पाचवी गोष्ट, आपली पायरी ओळखावी. खाण्याच्या मालाला अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी लागते. औषध बनवायला १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालचा परवाना लागतो. घरच्या घरी कण बनवून औषध म्हणून विकण्याचा विचारही करू नये. आपले काम चांगला कच्चा माल देण्याचे.

सहावी गोष्ट, घाई करू नये. २०१२ साली अमेरिकेतल्या तेल-वायू विहिरींच्या मागणीमुळे गवारगोंदाचे भाव आभाळाला भिडले आणि वायदेबाजारातला गवारीचा व्यवहार थांबवावा लागला. नंतर भाव कोसळले. वरच्या भावात गोदाम भरणारे बुडाले. नव्या मागणीची बातमी ऐकून साठा करणे हा व्यापार नव्हे, तो सट्टा आहे.

एका हंगामापुरते दहा गोण्यांवर हे करून पाहावे. वेगळ्या ठेवलेल्या, वाळवलेल्या, तपासलेल्या दहा गोण्यांचा नमुना आणि त्यासोबतचा प्रयोगशाळेचा कागद घेऊन दोन खरेदीदारांना भेटावे. भाव काय येतो, घट आणि मजुरी वजा जाता काय उरते, ते वहीत मांडावे. फायदा दिसला तर पुढच्या हंगामात गोण्या वाढवाव्यात. नाही दिसला तरी स्वच्छ माल किराण्यात केव्हाही खपतोच. त्याचे लाडू करून खाणाराही माणूसच आहे, आणि चोख मालावर त्याचाही हक्क आहे.